खंड्याला पाण्यावर तयार करताना

खंड्या माझ्याकडे आला तेव्हा तो ८ आठवड्यांचा होता. काळाभोर लॅब्राडोर, पोट टम्म फुगलेले आणि पंजे अंगाच्या मानाने भलतेच मोठे. नाव मी तो येण्यापूर्वीच ठरवून ठेवले होते. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर निश्चल बसून राहणारा आणि नेमक्या क्षणी सूर मारणारा खंड्या पक्षी माझ्या डोळ्यांसमोर होता. पुढे जवळजवळ महिनाभर हे नाव माझ्याच थट्टेचा विषय होणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

बदकांच्या शिकारीत या कुत्र्याचे काम सांगायला सोपे आहे. त्याने शिकाऱ्याशेजारी आवाज न करता बसायचे, पक्षी कोठे पडला ते लक्षात ठेवायचे, सांगितल्याखेरीज जागचे हलायचे नाही, आणि सांगितल्यावर जाऊन पक्षी तोंडात अलगद धरून आणून हातात द्यायचा. जखमी बदक पाणकणसांच्या दाटीत शिरून बसते आणि तेथेच कित्येक तासांनी मरते. माणसाला ते सापडत नाही, कुत्र्याला सापडते. बंदूक हाती घ्यायची तर शेजारी तयार कुत्रा हवाच, असे माझे मत त्यामुळेच झाले.

लॅब्राडोरविषयी हाती लागेल ते सारे मी वाचून काढले होते. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मच्छीमारांबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांपासून ही जात आली, ब्रिटनमध्ये तिची जोपासना झाली आणि तेथील केनेल क्लबने १९०३ मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. पाणी आत शिरू न देणारा दुहेरी केसांचा थर, बोटांमध्ये पडदे, पाणमांजरासारखी बुडाशी जाड आणि सुकाणूसारखी वळणारी शेपटी. एवढे वाचल्यावर पाणी त्याच्या रक्तातच आहे, आपण फक्त तळ्याची वाट दाखवायची, असा माझा पक्का समज झाला होता.

सुरुवात घरातच केली. अरुंद बोळातल्या सगळ्या खोल्यांची दारे लावून घ्यायची, एका टोकाला आपण बसायचे आणि मोजा गुंडाळून दुसऱ्या टोकाकडे टाकायचा. पिल्लू धावत जाते, मोजा उचलते आणि परतायला दुसरी वाट नसल्याने आपल्याकडेच येते. दोन-तीन वेळाच टाकायचे, आणि त्याला अजून हवे असतानाच मोजा कपाटात ठेवून द्यायचा. आल्याबरोबर तोंडातून हिसकावून घ्यायचे नाही, आधी त्याची पाठ थोपटायची, नाहीतर हात पुढे आला की पळायचे, हे ते दोन दिवसांत शिकते. मोज्याची ओढाताण मी घरातल्या सर्वांना बंद करायला लावली, कारण जे पिल्लू मोजा ओढते ते मोठेपणी पक्षी फाडते.

आज्ञा मराठीतच ठेवल्या: बस, धर, सोड, मागे. त्यात ‘बस’ या शब्दाने चांगलाच घोळ घातला. जेवताना कोणी वाढणाऱ्याला ‘बस, बस’ म्हटले की खंड्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ताठ बसून बक्षिसाची वाट पाहू लागे. शेवटी मी बसण्यासाठी शिटीचा एक लांब सूर पक्का केला आणि परत येण्यासाठी तोकडे, भरभर सूर. वाऱ्यात शब्द विरून जातात आणि आपला आवाज चिडलेला असला तर कुत्र्याला ते लगेच कळते. शिटीला राग येत नाही.

चौथ्या महिन्यात दात पडू लागले तेव्हा आणण्याचा खेळ पूर्ण थांबवला. हिरड्या दुखत असताना तोंडात वस्तू धरायला लावली तर दुखणे त्या वस्तूशी जोडले जाते. हे मला एका संध्याकाळी प्रत्यक्षच दिसले. कॅनव्हासच्या डमीत, म्हणजे सरावात पक्ष्याऐवजी टाकायच्या भरीव गुंडाळीत, तांदळाच्या दाण्याएवढा दुधाचा दात रुतलेला होता आणि भोवती रक्ताचा लहानसा डाग होता. ते पाच आठवडे आम्ही फक्त पट्ट्याबरोबर चालणे आणि थांबणे यांवर घालवले. जेवणाचे ताट समोर ठेवायचे आणि शिटी वाजेपर्यंत त्याने त्याला तोंड लावायचे नाही.

थांबण्याच्या शिक्षणात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट अगदी साधी होती. मी टाकलेल्या डमींपैकी निम्म्या मी स्वतः चालत जाऊन उचलून आणत असे आणि खंड्या बसून पाहत असे. पडलेली प्रत्येक वस्तू आपलीच नसते, हे त्याला त्यातून कळले. धावण्याची परवानगी म्हणजे त्याचे नाव. लपणात दोन कुत्रे शेजारी बसले असतील तर ज्याचे नाव घेतले तोच निघावा, म्हणून ही रीत आहे. मात्र त्यामुळे तो बसलेला असताना त्याला लाडाने नावाने हाक मारायची नाही, हे घरच्यांना समजावणे त्याला शिकवण्यापेक्षा अवघड गेले.

पाचवा महिना संपत आला आणि पाणी पोहण्याइतके कोमट झाले. तळ्याचा काठ मला उतरता वाटला होता. पहिल्या दोन डमी मी गुडघाभर पाण्यात टाकल्या आणि त्याने त्या शेपटी हलवत आणल्या. तिसरी मी जरा लांब टाकली, खरे तर कोणाला तरी दाखवण्यासाठी टाकली, कारण काठावर एक ओळखीचे गृहस्थ उभे होते. तेथे तळ एकदम खोल होता. पायांखालची जमीन गेली, डोके पाण्याखाली गेले, आणि खंड्या ठसकत, डोळे विस्फारून वर आला तो थेट माझ्या मागे जाऊन बसला. त्यानंतर ओल्या चिखलाची रेघ जेथे सुरू होई तेथे तो थांबायचा. डमी पाण्यात पडली की तिच्याकडे पाहायचा आणि मग माझ्याकडे.

दुसरी चूक मी लगेच दुसऱ्या दिवशी केली. त्याला उचलून पाण्यात नेले. त्याने माझ्या छातीवर नखांचे ओरखडे काढले, आणि एवढेच काय ते त्या दिवसाचे फळ. तीन आठवडे गेले. ज्यांच्यापुढे ही फजिती झाली होती त्या काकांकडे दहा वर्षांची एक म्हातारी लॅब्राडोर कुत्री होती. त्यांनी मला उपदेश असा केलाच नाही, फक्त म्हणाले, “अरे, त्याला कशाला पाण्यात घालतोस? तू उतर की.”

त्यांच्या सांगण्यावरून तळे सोडून एक ओढा निवडला, घोट्याएवढ्या पाण्याचा आणि वाळूच्या तळाचा. डमी नाही, शिटी नाही, आज्ञा नाही. मी, काका आणि ती म्हातारी कुत्री ओढा ओलांडून पलीकडे जायचो आणि मागे वळून न पाहता चालू लागायचो. पहिल्या दिवशी खंड्या अलीकडून काठाकाठाने धावत, कुईकुई करत आमच्याबरोबर आला. आम्ही वळणाआड दिसेनासे झालो तसा डोळे मिटल्यासारखी एक उडी घेऊन तो पलीकडे पोहोचला आणि आपण पाण्यातून आलो हे जणू त्याच्या लक्षातच आले नाही. मीही तोंडाने काही बोललो नाही. अकराव्या दिवशी पाणी त्याच्या छातीला लागत होते. एका ठिकाणी त्याचे पाय सुटले आणि तो पोहला, पण नवशिके पिल्लू पोहते तसा, उभ्याने, पुढचे पंजे पाण्याबाहेर काढून पाणी थापटत. म्हातारी त्याच्या पुढून संथ गेली. तिच्या मागे जाण्यासाठी तो पुढे झुकला, मागचा भाग वर आला, पंजे पाण्याखाली गेले आणि खळखळाट एकदम थांबला. मागे शेपटी डावीउजवीकडे वळत होती.

पाण्याने धडा दिला होता, म्हणून बंदुकीच्या आवाजाच्या बाबतीत मी घाई केली नाही. आवाजाला भिणारे कुत्रे बहुधा माणसांच्या उतावळेपणातूनच तयार होतात. जेवताना शेजारी भांडी आपटून सवय लावण्याची एक पद्धत आहे. मला ती पटत नाही, कारण त्यात आवाजाचा संबंध पक्ष्याशी नाही तर ताटाशी लागतो. माझा मदतनीस १०० मीटरवर उभा राहून डमी उंच उडवी आणि ती वर असतानाच टिकल्यांचे पिस्तूल वाजवी. खंड्याचे सारे लक्ष डमीकडे असल्याने आवाज म्हणजे आता काहीतरी पडणार, एवढाच अर्थ त्याने घेतला. दर काही दिवसांनी दहा-पंधरा मीटर जवळ यायचे आणि कान जरा जरी मागे गेले तरी पुन्हा दूर जायचे. खरी बंदूक वाजायला दीड महिना लागला.

मग पक्षी. आधी डमीला बांधलेला बदकाचा पंख, नंतर मेलेले, पूर्ण गार झालेले कबूतर. पहिले कबूतर घेऊन तो येण्याऐवजी गवतात आडवा झाला आणि पिसे उपटू लागला. पुन्हा ‘धर’ आणि ‘सोड’ यांचा रोजचा पाठ आठवडाभर करावा लागला. आणलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या बरगड्या मी बोटांनी चाचपून पाहत असे, कारण कुत्र्याची पकड हलकी आहे की नाही हे तेथेच कळते.

न पाहिलेला पक्षी हाताच्या इशाऱ्यावर आणायला शिकवताना नारिंगी डमी वापरतात, त्यामागचे कारण मला फार आवडले. कुत्र्याला तांबडा आणि हिरवा यांतला फरक नीट दिसत नाही. त्यामुळे आपल्याला लांबून स्पष्ट दिसणारी नारिंगी डमी गवतात त्याच्यासाठी मिसळून जाते, आणि त्याला डोळ्यांवर नव्हे तर आपल्यावर विश्वास ठेवावा लागतो. उलट, पडताना पाहून लक्षात ठेवण्याच्या सरावाला पांढरी डमी हवी.

पोहता येऊ लागल्यावर खंड्या हुशार झाला. तळ्यात तिरकी टाकलेली डमी आणायला पाण्यात शिरण्याऐवजी तो काठाने धावत वळसा घेऊ लागला. घरी हे कौतुकाचे वाटले तरी प्रत्यक्षात वळसा घेणारा कुत्रा पक्षी पडल्याची जागा चुकतो. उपाय म्हणून मी पुन्हा पाण्याच्या कडेला उभा राहिलो, डमी अगदी समोर टाकू लागलो आणि दर आठवड्याला थोडा मागे व थोडा बाजूला सरकत गेलो.

उडत्या बदकांना भुलवण्यासाठी पाण्यावर सोडायच्या प्लॅस्टिकच्या फसव्या बदकांची पहिली भेट मात्र निव्वळ प्रहसन होती. मी सहा बदके पाण्यावर तरंगत ठेवली आणि पलीकडे डमी टाकली. खंड्याने डमीकडे ढुंकूनही न पाहता सहाही बदके दोऱ्या आणि वजनांसकट एकेक करून माझ्या पायाशी आणून ठेवली, आणि शेवटचे आणताना दोरी त्याच्या मागच्या पायात गुंतली होती. ती बदके मग आठवडाभर हिरवळीवर मांडून त्यांच्यामधून पट्ट्याने चालण्याचा सराव केला, तेव्हा कोठे त्याचा त्यांतला रस संपला.

गार पाण्यातल्या एका लांब सरावानंतर त्याची शेपटी अचानक मेल्यासारखी लोंबू लागली. मोडली की काय, या भीतीने मी रात्रभर झोपलो नाही. पशुवैद्यांनी तपासून सांगितले की थंड पाण्यात जास्त पोहल्यावर शेपटीच्या स्नायूंना असे होते आणि विश्रांतीने काही दिवसांत उतरते. पाचव्या दिवशी ती पुन्हा हलू लागली. त्याच भेटीत त्यांनी हिरवट साय धरलेल्या पाण्यात कुत्र्याला अजिबात उतरू देऊ नका आणि तोंड उघडे ठेवून फार वेळ पोहवू नका, पोटात गेलेले जादा पाणीही घातक ठरते, असे बजावले. थंडीसाठी मग निओप्रीनचे जाकीट घेतले.

खंड्या १४ महिन्यांचा असताना पहिला हंगाम उघडला. परवाना माझ्याही नावाचा होता, पण पहिल्या सकाळी मी बंदूक घरीच ठेवली. नेम आणि कुत्रा दोन्हींकडे एकाच वेळी लक्ष देता येत नाही. बंदूक काकांची होती, म्हातारी या वर्षी घरीच होती. उजाडता उजाडता दोन बदके वाऱ्याविरुद्ध पंख रोखून उतरू लागली, एकच बार झाला, आणि एक फसव्या बदकांच्या पलीकडे पडले. खंड्याचे बूड चटईवरून बोटभर उचलले गेले. मी शिटी ओठांपाशी नेली, वाजवली नाही. तो परत टेकला, पण पाठ थरथरत होती. काकांनी बंदूक मोकळी केल्यावर मी त्याचे नाव घेतले.

तो सरळ गेला. एका प्लॅस्टिकच्या बदकाला नाक लागले, पण तो थांबला नाही. पक्षी जखमीच होता. खंड्या हातभर अंतरावर आल्यावर त्याने बुडी मारली आणि खंड्या रिकाम्या पाण्यावर गोल गोल फिरू लागला. मग तो एकदम वळून पाणकणसांत शिरला. काही वेळ फक्त देठ हलताना दिसत होते. बाहेर आला तेव्हा तोंडात बदक होते, मान वर केलेले, जिवंत.

काठावर येताच त्याने ते खाली ठेवले आणि अंग झाडले. बदक पाण्याकडे निघाले. तीन पावलांत त्याने ते पुन्हा पकडले आणि या वेळी माझ्या हातात दिले. वहीत मी लिहिले: “काठावर पक्षी खाली ठेवतो.” दुसऱ्या दिवशी मी दोन पावले पाण्यात उतरूनच त्याची वाट पाहत उभा राहिलो, आणि त्याने अंग झाडण्याआधीच पक्षी हातात घेतला.