चुन्याची रेघ आणि टेपची खूण

आपल्या शाळेच्या मैदानावर मुरूम आहे, गवत नाही. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की गोलपुढे खळगे पडतात. दिवाळीनंतर तीच जमीन दगडासारखी होते. अशा मैदानावर चेंडू टप्पा घेऊन कुठे जाईल, याचा भरवसा नसतो. म्हणून इथे फुटबॉल खेळणारी मुलं चेंडू पायाशी येण्याआधीच दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घेतात. ही सवय कॅमेऱ्यासमोर किती कामाला येते, ते या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहावंसं वाटलं. त्यासाठी फुटबॉलपटू आणि नट आय. एम. विजयन यांच्याइतकं चांगलं उदाहरण आपल्या देशात नाही.

विजयन केरळातल्या त्रिशूरचे, जन्म १९६९ चा. लहानपणी ते तिथल्या स्टेडियममध्ये सामने चालू असताना सोड्याच्या बाटल्या विकत. पुढे केरळ पोलीस, मोहन बागान, जेसीटी, एफसी कोचीन, ईस्ट बंगाल असे संघ झाले. १९९३, १९९७ आणि १९९९ अशी तीन वर्षं ते देशातले सर्वोत्तम खेळाडू ठरले. १९९९ च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेत भूतानविरुद्ध त्यांनी बाराव्या सेकंदाला गोल केला. आणि खेळ ऐन भरात असतानाच दिग्दर्शक जयराज यांनी त्यांना ‘शांतम्’ या मल्याळम चित्रपटात घेतलं. राजकीय वैरातून स्वतःच्याच मित्राचा खून करणारा तरुण, अशी ती भूमिका. या चित्रपटाला २००० सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पडद्यावर नवखा माणूस सगळ्यात आधी फसतो तो उभं राहण्यात. नटाने कुठे थांबायचं, ते जमिनीवर रंगीत चिकटटेपने दाखवलेलं असतं, इंग्रजी टी अक्षरासारखं. कॅमेरा सहायक लेन्सपासून त्या जागेचं अंतर मोजपट्टीने मोजून फोकस लावतो. ८५ मिलिमीटरची लेन्स, २.८ ॲपर्चर (म्हणजे लेन्सचं भोक बरंच उघडं) आणि दोन मीटर अंतर असेल, तर चेहरा स्पष्ट दिसण्याची पट्टी जेमतेम सात-आठ सेंटिमीटरची असते. अर्धं पाऊल पुढे पडलं की डोळे धूसर. आणि खूण सापडावी म्हणून नटाने खाली पाहिलं, तर तो शॉटच गेला.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. आधी खुणेवर उभं राहायचं. तिथून नेहमीच्या चालीने उलटं मागे यायचं, पावलं मोजायची, सुरुवातीचा पाय ठरवायचा. मग न बघता पुढे जायचं. पेनल्टी मारणारा खेळाडू याहून वेगळं काय करतो? चेंडू ठेवतो, मोजून मागे येतो, नजर वर ठेवून धावतो. मैदानावर पायाखाली न बघता आपण कुठे आहोत हे कळणारा माणूस सेटवर अर्धं काम शिकूनच येतो.

उरलेलं अर्धं मात्र अवघड असतं. मैदानावर प्रत्येक गोष्ट एकदाच घडते, सिनेमात तीच सात वेळा करावी लागते, आणि सातव्या वेळीही पहिल्यांदा घडल्यासारखी. प्रतिक्षिप्त क्रियेवर वाढलेल्या खेळाडूला हे जड जातं. त्यातून दुखापतही होते. दोन टेकमध्ये लाइट बदलायला वीस-वीस मिनिटं जातात, तोवर स्नायू थंड पडतात आणि ‘ॲक्शन’ म्हटल्याबरोबर जोरात धावलं की मांडीमागचा स्नायू धरतो. म्हणून धावण्याचे शॉट सलग घ्यावेत, आणि खंड पडलाच तर पुन्हा पाच-दहा मिनिटं हलकं धावून अंग गरम करावं.

चेंडूचं गणितही समजून घ्यावं. ताशी ९० किलोमीटरने मारलेला चेंडू सेकंदाला २५ मीटर जातो. सिनेमाच्या सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम), म्हणजे प्रत्येक चौकटीत तो मीटरभर पुढे. नेहमीच्या १८० अंशांच्या, म्हणजे चौकटीच्या अर्ध्या वेळेपुरतं उघडं राहणाऱ्या शटरला त्याचा अर्धा मीटर लांबीचा फराटा उठतो, चेंडू गोल दिसतच नाही. शटर ४५ अंशांवर आणलं की फराटा तेरा सेंटिमीटरवर येतो, पण प्रकाश चौपट लागतो. असा शॉट ढगाळ संध्याकाळी घेऊ नये.

एक खंत आहे. विजयन यांना पुढे तमिळमध्येही कामं मिळाली, ‘तिमिरु’मध्ये ते खलनायक होते. सिनेमाने त्यांचा धिप्पाडपणा वापरला. पहिल्या भूमिकेसाठी जयराज यांना त्यांच्यात जो अपराधाने पोखरलेला मुलगा दिसला, तो पुन्हा कुणी फारसा शोधला नाही. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती फुटबॉलसाठी, आणि ते योग्यच झालं.

लॉ कॉलेज रोडवर प्रभातच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्यामुळे पुण्यातल्या मुलांना कॅमेऱ्याचं अप्रूप नाही. पण सुरुवात शाळेच्या मैदानावरच होऊ शकते. पेनल्टीच्या जागी चुन्याने टी काढा. दहा पावलं मागून या, नजर समोरच्या मित्राच्या डोळ्यांवर ठेवा आणि दोन्ही पाय आडव्या रेघेमागे आणून थांबा. दहापैकी आठ वेळा जमलं की बाजूने कुणाला तरी चेंडू घरंगळत सोडायला सांगा. नजर चेंडूकडे गेली की ती फेरी बाद.