रेटिंग वरचं, तरी यादीत नाव

२०२३ची गोष्ट. वाळूज एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्टच्या कंपनीत मी क्वालिटीला होतो. त्या वर्षीच्या अप्रेजलमध्ये मला सगळ्यात वरचं रेटिंग होतं आणि दिवाळीआधी कपातीच्या यादीत माझं नाव आलं. आमची लाइनच दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवली होती. लाइनवर कोण कसं काम करतं, हे यादी करताना कुणी पाहिलंच नव्हतं. हे समजत होतं, पण पटत नव्हतं.

एचआरने टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवला. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं छापलेलं, फक्त सहीची जागा मोकळी. "सही करा, रिलीव्हिंग लेटर चांगलं देतो." मी म्हटलं, घरी वाचून सांगतो. काहींनी तिथंच सही केली. डोक्यावर घराचा हप्ता असला की माणूस करतोच. त्यांना मी नावं ठेवणार नाही.

बजाजनगरात युनियनचं काम केलेले एक काका राहतात. ते म्हणाले, "राजीनामा दिला की ती कपात राहत नाही. मग भरपाई कशाची मागणार?" तेव्हा १९४७चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता. कामगार कपातीत एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. पण हे कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ बसणाऱ्यालाच. ‘तुम्ही इंजिनीअर, कामगार नाही’ हे एचआरचं म्हणणं. पण पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय, ते बघतात. मी दिवसभर व्हर्निअर आणि गेज घेऊन मापं घ्यायचो, कुणाची रजा मंजूर करत नव्हतो. एवढंच मेलवर लिहून कळवलं. तोंडी एक शब्द बोललो नाही. पुढच्या पत्रात राजीनाम्याचा उल्लेख गेला आणि भरपाईचा आकडा आला.

ग्रॅच्युइटीचा हिशोबही तपासावा लागला. शेवटचं बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. शेवटच्या वर्षातले सहा महिन्यांच्या वरचे महिने पूर्ण वर्ष धरतात, ते यांनी सोडलेच होते. दाखवून दिल्यावर दुरुस्त झालं.

सगळ्यात अवघड होतं औशाला दादांना सांगणं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "लातूरच्या अडतीत भाव पडला म्हणून आपलं सोयाबीन वाईट असतंय का रे?" त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

पण कंपनीचा मेडिक्लेम गेला होता आणि आईची बीपीची औषधं चालू होती. सगळ्यात आधी तिची पॉलिसी काढली. पुढं शेंद्र्यात नोकरी मिळाली, पगार थोडा कमी. मुलाखतीत विचारलं, का सोडलं? म्हटलं, सोडलं नाही, लाइन हलली. अप्रेजलचा कागद आणि कपातीचं पत्र, दोन्ही सोबत ठेवून दिले.