पावसातलं प्रस्थान आणि घरच्यांची साथ

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माऊलींच्या पालखीचं आळंदीतून प्रस्थान होतं. बहुतेक वर्षी तोवर पाऊस घाट ओलांडून पुण्यात आलेला असतो, त्यामुळे वारीचे पहिले टप्पे ओल्या अंगानेच चालावे लागतात. इंद्रायणी गढूळ आणि भरून वाहत असते, घाटाच्या पायऱ्यांवर गाळ साचतो. अशा पाण्यात उतरायचा हट्ट धरू नये. तांब्याभर पाणी डोक्यावर घेतलं तरी स्नान होतं.

घरचे सोडायला येणार असतील तर आदल्या दिवशी यावं. प्रस्थानाच्या दिवशी आळंदीकडचे रस्ते गाड्यांना बंद असतात, मग म्हाताऱ्या माणसांना सामान घेऊन भर पावसात लांब चालत यावं लागतं. पालखी त्या रात्री आळंदीतच आजोळघरी असते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याकडे निघते. आदल्या दिवशी पोचलं की दिंडीच्या ट्रकमध्ये वळकटी उजेडात चढवता येते आणि ट्रकचा नंबर घरच्यांनाही लिहून घेता येतो. पुढे वारकरी फोन उचलत नसला तर त्यांच्या हातात तेवढाच धागा असतो. दिंडीचा क्रमांक पालखीच्या रथापुढचा की रथामागचा, तेही लिहावं, कारण दोन्हीकडचे क्रमांक वेगवेगळे असतात आणि नुसता आकडा सांगितला तर दोन ठिकाणी शोध घ्यावा लागतो.

वळकटीला बाहेरून प्लास्टिक गुंडाळून उपयोग नाही. दोरी आवळते तिथे ते फाटतं आणि पाणी आत शिरतं. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी आतून घालावी, कपडे तिच्यात भरून तोंडाला पीळ द्यावा, मग दोरीने बांधावं. रात्रीचे कोरडे कपडे आणि पायमोजे वेगळ्या पिशवीत ठेवावेत. कितीही भिजलो तरी चालताना त्या पिशवीला हात लावायचा नाही, हा आमच्यात नियमच आहे. खांद्यावरची पिशवी दोन-अडीच किलोच्या वर गेली की दिवसाअखेर मान धरते. बायांनी चालताना सुती नऊवारी टाळावी. भिजलेलं लुगडं जड होतं, पायांत अडकतं आणि रात्रभरात वाळत नाही. पॉलिस्टरचं पातळ तंबूत दोरीवर सकाळपर्यंत वाळतं. दिंडीत छत्रीही नको, मागच्याच्या डोळ्याला काडी लागते. घोंगडीची खोळ किंवा डोक्यावरून पोटरीपर्यंत येणारा प्लास्टिकचा कागद बरा. रेनकोटात वारा खेळत नाही, त्यामुळे घामानेच माणूस आतून भिजतो.

सगळ्यात जास्त जपायचं ते पायांना. आळंदी ते पुणे आणि पुणे ते सासवड हे दोन्ही टप्पे 30 किलोमीटरच्या आसपासचे, आणि तेच नेमके पावसात येतात. ओली कातडी मऊ पडते, चपलेचा पट्टा तिथे घासतो, आणि दुपारपर्यंत फोड येतो. म्हणून निघताना बोटांच्या बेचक्यांत, टाचेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळावं. विसाव्याला टेकलं की आधी चप्पल काढून पाय पुसावेत, चहा नंतर. चुरचुरायला लागलं की लगेच चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर लावलेली पट्टी निघताना कातडी घेऊन निघते. फोड आलाच तर कातडी सोलू नये. स्पिरिटने पुसलेली सुई कडेने टोचून पाणी काढावं आणि वर कोरडी पट्टी लावावी. पायाला उघडी जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालू नये. मधुमेह असलेल्याने रोज रात्री तळवे दुसऱ्याकडून बघून घ्यावेत, कारण त्याला फोड अनेकदा कळतच नाही.

दिवे घाटात आणखी एक गोष्ट होते. चढताना अंग तापतं, कागद काढून टाकावासा वाटतो. वर झेंडेवाडीला पोचलं की मोकळा वारा लागतो आणि भिजलेला माणूस कुडकुडायला लागतो. कोरडा टॉवेल त्या क्षणासाठी हाताशी हवा. पाणी खाली वडकीलाच भरून घ्यावं.

घरच्यांनी गाडी घेऊन पालखीमागे फिरू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. पालखीच्या वाटेवर गाडी येऊ शकत नाही, फोन लागत नाही, आणि दोघेही पावसात एकमेकांना शोधत बसतात. त्यापेक्षा दोनच भेटी ठरवाव्यात. पहिली पुण्यात, कारण तिथे सहसा दोन रात्री मुक्काम असतो. ओलं सामान घरी जातं, कोरडं येतं. या भेटीत मोज्यांचे दोन नवे जोड, औषधं आणि दशम्या आणाव्यात. चिवडा दमट हवेत सादळतो. दुसरी भेट लोणंदला. जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही गावं पुणे-मिरज रेल्वेवर असल्याने गाडीचा प्रश्नच उरत नाही. सासवडसाठी मात्र रेल्वेच्या नावावर जाऊ नये. सासवड रोड स्टेशन फुरसुंगीजवळ आहे, सासवड तिथून घाटापलीकडे.

रोज रात्री एक मेसेज, एकाच माणसाला. बाकीच्या नातेवाइकांना तोच माणूस कळवेल. नेटवर्क नसताना व्हॉट्सॲप अडकतं, साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. मेसेज आला नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घाबरायचं नाही, आणि मग दिंडीप्रमुखांना फोन करायचा, एवढं निघण्याआधीच ठरवून ठेवावं. वारकऱ्याच्या खिशात नाव, दिंडी क्रमांक, रक्तगट आणि चालू औषधं लिहिलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड असावं. साध्या कागदाचा पहिल्याच सरीत लगदा होतो.

लोणंदची तारीख वेळापत्रक बघूनच पक्की करावी, तिथला मुक्काम तिथीनुसार कमी-जास्त होतो. नीरा ओलांडली की पाऊस सहसा विरळ होत जातो आणि ऊन जाणवायला लागतं. या भेटीत प्लास्टिकचा एखादाच कागद ठेवून बाकीचं पावसाळी सामान घरी पाठवावं आणि टोपी, उपरणं, मीठ-साखरेच्या पुड्या घ्याव्यात. घोंगडी मात्र देऊ नये. बरड, नातेपुत्याला ओलसर शेतात तंबू पडला की खाली अंथरायला तीच लागते.