दुधाच्या हिशेबाशेजारच्या फुल्या

डिसेंबर २०२३. साताऱ्यात माझी न्यूरॉलॉजीची ओपीडी. सोमवार, त्यामुळे बाकं भरलेली. बाराच्या सुमारास सिस्टर घाईघाईने आत आल्या. "मॅडम, सत्तावीस नंबरचे काका ऐकतच नाहीत. आडवे व्हा म्हटलं की चिडतात."

बाहेर जाऊन पाहिलं. काका त्रेसष्ट वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. डाव्या डोळ्यावर तळहात दाबून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते, मध्येच थांबून भिंतीवर मूठ आपटत होते. हात बाजूला करवला तर डोळा लालभडक, पापणी अर्धी उतरलेली, डोळ्यातून धार लागलेली. नाकही फक्त डावंच वाहत होतं. उजवी बाजू मात्र जशीच्या तशी. अर्धशिशीचा माणूस अंधार करून निपचित पडतो. ह्या दुखण्यात माणसाला एका जागी बसवत नाही. क्लस्टर हेडेक, म्हणजे एकाच डोळ्याभोवती झटक्यांनी उठणारी ही डोकेदुखी, ओळखायला मी ह्या खुणेवर सगळ्यात जास्त भरवसा ठेवते.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही. इथे बसल्या बसल्या डुलकी लागली आणि उठले ते असेच," काकू सांगत होत्या. झोप लागली की दुखणं उठतं, हेही ह्या आजाराचंच.

मी ऑक्सिजन आणि सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन आणायला सांगितलं. सुई तयार झाली, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "ह्यांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलीय. चालेल ना?" नाही चालणार. ह्या औषधाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयरोग्याला ते देता येत नाही. मी हे आधी विचारायला हवं होतं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

काकांना खुर्चीत पुढे वाकवून बसवलं, पिशवीचा मास्क घट्ट बांधला आणि ऑक्सिजन मिनिटाला १२ लिटरवर सोडला. नाकातल्या नळीने दोन लिटर देऊन ह्या दुखण्याला काही होत नाही. कोविडमध्ये घरोघरी आलेल्या पाच लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरचाही उपयोग नाही, सिलिंडरच लागतो. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवून बसून राहिले. तेराव्या मिनिटाला मूठ सुटली.

मग काकूंनी कापडी पिशवीतून भिंतीवरची जुनी कॅलेंडरं काढली. प्रत्येक चौकोनात दुधाचा हिशेब, अर्धा, एक, खाडा. आणि शेजारी लाल फुल्या, डोकं उठल्याच्या. काही रात्री तीन-तीन. दुखण्याच्या वर्षांचीच कॅलेंडरं त्यांनी जपली होती. १९९३ ते २००० सलग. मग २००२, २००४, २००७, २०११, २०१६. दरवेळी दिवाळी उलटली की सुरू, संक्रांतीपर्यंत खलास. पहिल्या दोन वर्षांत दाताचं दुखणं समजून दोन चांगल्या दाढाही काढून झाल्या होत्या.

"वय झालं की जातं, असं एका डॉक्टरांनी सांगितलं होतं. सात वर्षं काही नव्हतं. आम्ही गेलंच समजलो होतो," काकू म्हणाल्या.

मी कॅलेंडरं टेबलावर ओळीने मांडली. एक वर्षाचं अंतर, मग दोन, तीन, चार, पाच, सात. वय वाढतं तसं बऱ्याच जणांचं असंच होतं, मधला काळ लांबत जातो, काहींचं पुढे कायमचं थांबतंही. पण सगळ्यांचं नाही. इटलीतल्या डॉक्टरांनी १८९ रुग्णांचा दहा वर्षांहून जास्त काळाचा प्रवास पाहून १९९१ साली लिहून ठेवलंय: ज्यांचं दुखणं ठरावीक काळ येऊन जायचं, त्यांतल्या सुमारे १३ टक्के लोकांचं ते बारमाही झालं. उलट बारमाहीवाल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांचं येऊन-जाऊन झालं. म्हणून "वय झालं की जातं" असं कुणी ठाम सांगितलं की मला राग येतो. माणूस त्या शब्दावर वर्षं मोजत बसतो.

शिवाय साठीनंतर डोकं दुखायला लागलं की जुनंच असेल असं धरून चालत नाही. कानशिलाची शीर चाचपली, चावताना जबडा दुखतो का विचारलं, शरीरातली सूज दाखवणारी ईएसआरची रक्ततपासणी पाठवली, डोळ्याचा दाब तपासून घेतला, एमआरआय केला. सगळं ठीक निघालं. झटके टाळायचं नेहमीचं औषध, व्हेरापॅमिल द्यावं, तर हृदयासाठी मेटोप्रोलॉल चालू. दोन्ही एकत्र दिली तर नाडी धोकादायक मंद होऊ शकते. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलले आणि शेवटी डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, नसेजवळ स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं. घरी सिलिंडर आणि मास्क दिला. बिडी आणि शेगडी त्या खोलीबाहेर, हे काकूंकडून तीनदा वदवून घेतलं.

फेब्रुवारीत दोघं आली. शेवटची फुली ९ जानेवारीची, त्यापुढे नुसतं दूध.

"पुन्हा येईल का?" काकांनी विचारलं.

"येऊ शकतं. पण आता किती वर्षांनी, ते मला सांगता येणार नाही," मी म्हटलं. ते मान हलवून गप्प बसले. काकू दोन्ही वर्षांची कॅलेंडरं गुंडाळून पिशवीत ठेवत होत्या.