खांद्याची तीन कोटेशनं

मागच्या फेब्रुवारीत वागळे इस्टेटच्या नाक्यावर शेअर रिक्षातून उतरलो, पाकीट काढायला डावा हात मागच्या खिशाकडे नेला आणि तो कमरेपाशीच अडला. अशी कळ गेली की रिक्षावालाच म्हणाला, "राहू द्या काका, उद्या द्या."

दोनेक महिने मी ते अंगावर काढलं. शर्ट घालताना आधी दुखरा हात, काढताना तो शेवटी, हे आपोआप शिकलो. सासूबाईंनी एरंडाची पानं बांधून पाहिली, बायकोने महानारायण तेल चोळलं. दिवसा कसंबसं भागायचं. रात्री मात्र झोपेत डाव्या कुशीवर वळलो की ओरडत उठायचो. शेवटी ही म्हणाली, "अहो, आता डॉक्टरकडे जाता की मी हॉलमध्ये झोपू?"

ऑर्थोपेडिकने मला हात सैल सोडायला सांगितला आणि स्वतःच तो उचलू लागला. मग कोपर कमरेला चिकटवून मनगट बाहेरच्या बाजूला नेलं. उजवा हात दारासारखा उघडला, डावा जेमतेम चार बोटं सरकला. "तुम्ही हलवला तरी नाही, मी हलवला तरी नाही. एक्सरेत काही नाही. फ्रोझन शोल्डर," ते म्हणाले, आणि पुढचाच प्रश्न, "शुगर आहे का?" आहे. साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) त्या वेळी ८.२ टक्के निघाली. या दुखण्यात सांध्याभोवतीची पिशवी सुजते, जाड होते आणि आकसते. मधुमेह्यांमध्ये हे इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं.

त्यांचा सल्ला होता सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि फिजिओथेरपी. स्टिरॉइड म्हटल्यावर मी बिचकलो. घोडबंदर रोडवरच्या दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, भूल देऊन हात फिरवून खांदा मोकळा करू, संध्याकाळी घरी. तिसऱ्यांनी दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलं, खर्च सव्वा लाखाच्या आसपास. पाचपाखाडीतली फिजिओ म्हणाली, "काका, सुई नको न् काही नको, वीस सिटिंगमध्ये सोडवते." आणि डोंबिवलीचे साडू म्हणाले, काहीच करू नकोस, दोन वर्षांत आपोआप सुटतो, माझा सुटला.

मी बावीस वर्षं परचेसमध्ये आहे. कोटेशनं आली की एक्सेल उघडून तुलनात्मक तक्ता करायचा, हेच माझं काम. इथेही तेच केलं. मुलगी बी.फार्म.ला आहे, तिने शोधनिबंध काढून दिले आणि रात्री झोप नसल्यामुळे वाचायला वेळ भरपूर होता.

सगळ्यात मोठा हाती लागला तो ब्रिटनमधला 'यूके फ्रॉस्ट', 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली आलेला. ३५ हॉस्पिटलं, ५०३ रुग्ण. कोणाला फिजिओथेरपी, कोणाला भुलीखाली हात फिरवणं, कोणाला दुर्बिणीचं ऑपरेशन, हे ना डॉक्टरने ठरवलं ना रुग्णाने. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. रुग्णांनीच बारा प्रश्नांची उत्तरं द्यायची, त्यावरून ० ते ४८ गुण; जितके जास्त, तितका खांदा बरा. वर्षानंतरची सरासरी अशी: ऑपरेशन ४०.३, भूल ३८.३, फिजिओ ३७.२. मी खुशीत ऑपरेशनसमोर 'एल-वन', म्हणजे आमच्या भाषेत पहिला नंबर, टाइप करणार, तेवढ्यात मुलीने की-बोर्ड ओढला. "बाबा, रुग्णाला जाणवेल असा फरक निदान चार-पाच गुणांचा हवा, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. इथे तो नाहीये." शिवाय गंभीर गुंतागुंतीच्या दहा घटनांपैकी आठ ऑपरेशनच्या गटात, दोन भुलीच्या. उलट, फिजिओ गटातल्या जास्त लोकांना नंतर आणखी उपचार घ्यावे लागले. खर्चाच्या हिशेबात भुलीचा पर्याय सरस ठरला, पण तो हिशेब तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा. आमच्या मेडिक्लेमला त्याचं काय!

मला खरी मेख सापडली ती तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात. परचेसमध्ये नवशिक्या पोराची चूक ठरलेली असते: तीन पार्ट्यांचे दर शेजारी मांडतो आणि एकाने बेअरिंगसकट दिलाय, दुसऱ्याने बेअरिंग सोडून, हे बघतच नाही. इथे तसंच होतं. त्या अभ्यासातल्या 'फिजिओ'मध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन धरलेलं होतं! भुलीच्या गटातही होतं. आणि भूल किंवा ऑपरेशन झाल्यावर फिजिओ दोन्हीकडे होतीच. म्हणजे पाचपाखाडीची 'सुई नको'वाली फिजिओ आणि लॅन्सेटमधली फिजिओ, नाव एक, माल वेगळा. ३७.२ हा आकडा तिच्या नावापुढे लिहायचा मला हक्कच नव्हता.

मग नुसत्या इंजेक्शनचं काय? कॅनडातला २००३ चा अभ्यास सापडला, ९३ जणांचा, चार गट: इंजेक्शन आणि फिजिओ, नुसतं इंजेक्शन, खोटं (औषध नसलेलं) इंजेक्शन आणि फिजिओ, नुसतं खोटं इंजेक्शन. सहा आठवड्यांनी खरं इंजेक्शन घेतलेले स्पष्ट पुढे. बारा महिन्यांनी चारही गट जवळजवळ एका रांगेत. २०२० मध्येच ६५ अभ्यास एकत्र करून केलेला आढावा होता, त्याचाही सूर तोच: पहिल्या काही महिन्यांत सांध्यातलं इंजेक्शन सरस.

साडूंचीही बाजू निघाली, हे कबूल करायला हवं. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांपैकी काहींना ताणून ताणून व्यायाम दिला, काहींना फक्त समजावून सांगितलं आणि दुखेल तिथे थांबायला सांगितलं. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळपास पूर्ववत, ताणणाऱ्यांत ६३ टक्के. रुग्ण थोडे आहेत, त्यावरून फार उड्या मारू नयेत. पण हे वाचल्यापासून दात-ओठ खाऊन हात ओढणं मी बंद केलं.

म्हणजे प्रश्न डिलिव्हरीच्या तारखेचा होता. वर्षाच्या मुदतीवर माल कोणाकडूनही घ्या, फारसा फरक नाही. मला माल सहा आठवड्यांत हवा होता, कारण मला झोप हवी होती. इंजेक्शन ठरलं.

ते सोनोग्राफीत बघून दिलं. सुई गेली तेव्हा विशेष दुखलं नाही; औषध आत ढकलताना मात्र कोणी खांद्यात हवा भरतंय असा दाब आला, दंड जड झाला. दहा मिनिटांत मी पायऱ्या उतरून उसाचा रस पिऊ का विचारत होतो, तर बायकोने डोळे वटारले. तिचं बरोबर होतं. एरवी १३० च्या आसपास असणारी उपाशीपोटीची साखर दुसऱ्या दिवशी २४८. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, म्हणून रोज बोट टोचून वहीत लिहीत होतो. पाच-सहा दिवसांत खाली आली. ज्यांनी इंजेक्शन सुचवलं त्या पहिल्या डॉक्टरांनी शुगर विचारली. बाकी दोघांपैकी एकाने विचारलीच नव्हती, हे मला अजून खटकतं.

पाचव्या रात्री मी सलग साडेपाच तास झोपलो. हात तेवढाच वर जात होता, पण झोपलो.

पाचपाखाडीच्या फिजिओकडे पुन्हा गेलो, तक्ता न दाखवता. वाकून हात लोंबता सोडायचा आणि गोल फिरवायचा, भिंतीवर बोटांनी चढायचं, काठी धरून बाहेर ढकलायचं. आमच्या बाथरूममध्ये एका ओळीत आठ टाइल्स आहेत. मे अखेरीस बोटं चौथीच्या कडेला थांबायची, गणपतीत सहावीवर पोचली. ऑगस्टभर ती पाचवीवरच अडकली होती. त्या महिन्यात मी भुलीवाल्या डॉक्टरांचा नंबर दोनदा काढून ठेवला.

आता वर्ष होऊन गेलं. आठवीला बोटं लागतात. मागे मात्र हात कमरेच्या पट्ट्याच्या वर वीतभरच जातो, पाकीट पुढच्या खिशात गेलं ते गेलंच.

परवा स्टोअर्समधला एक जण उजवा खांदा धरून माझ्या टेबलाशी आला. "साहेब, तुमच्याकडे तो तक्ता आहे ना? सांगा, कुठलं घेऊ?"

मी फाइल उघडली नाही. त्याला म्हटलं, "बस. दुखतंय किती महिने, आणि रात्री झोप लागते का?"