पेनड्राइव्हवरचा प्लेअर आणि साडेतीन तास

नृत्याच्या कार्यक्रमांना ध्वनिमुद्रित संगीत पुरवणे हे माझे काम आहे. बाहेरून ते बटण दाबण्याचे काम वाटते आणि बहुतेक दिवशी ते तेवढेच असते. त्या दिवशी मात्र दुपारी अडीच वाजता माझा लॅपटॉप सुरूच होईना. कार्यक्रम सहा वाजता होता. चौदा रचना पेनड्राइव्हवर होत्या, त्यामुळे संगीताची चिंता नव्हती. प्रश्न ते वाजवायचे कशावर हा होता.

नियंत्रणकक्षात सभागृहाचा एक जुना विंडोज संगणक होता आणि मिक्सरला तो आधीच जोडलेला होता. व्यवस्थापकांनी तो वापरायला दिला, पण अट स्पष्ट सांगितली, "यावर काहीही इन्स्टॉल करायचे नाही. करायचे म्हटले तरी पासवर्ड लागेल आणि तो माझ्याजवळ नाही." संगणकात एक प्लेअर होता. एक गाणे संपले की तो न विचारता पुढचे सुरू करी, आणि दोन गाण्यांची टोके एकमेकांत मिसळण्याची त्याला हौस होती. प्रवासात ऐकायला ही सोय चांगली असेलही. रंगमंचावर मात्र शेवटच्या समेनंतरची शांतता हा रचनेचाच भाग असतो, आणि त्यानंतर निवेदक किती वेळ बोलणार हे निवेदकालाही ठाऊक नसते.

सुदैवाने त्याच पेनड्राइव्हवर 'पोर्टेबल' नावाचे एक फोल्डर होते. इन्स्टॉल न करता चालणारे चार संगीत प्लेअर मी वेळोवेळी त्यात टाकून ठेवले होते आणि त्यांची नीट पारख करायचे दरवेळी पुढे ढकलले होते. ती पारख आता साडेतीन तासांत करायची होती.

पोर्टेबल या शब्दाचा अर्थ इथेच स्पष्ट करायला हवा, कारण त्यात बरीच गल्लत होते. इन्स्टॉलर नसणे एवढ्याने प्रोग्रॅम पोर्टेबल ठरत नाही. त्याने आपली सेटिंग, आपल्या याद्या आणि आपली खिडकी शेवटी कुठे होती याची नोंद, हे सारे स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवले पाहिजे. काही प्लेअर पेनड्राइव्हवरून सुरू होतात खरे, पण सेटिंग मात्र त्या संगणकाच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, किंवा वापरकर्त्याच्या खात्यात लिहितात. दुसऱ्या संगणकावर गेलात की प्लेअर तुम्हाला ओळखतच नाही.

पहिला प्लेअर मी उघडला तो सर्व काही वाजवणारा, चित्रफितीसुद्धा दाखवणारा होता. त्याची खिडकी दिसायला इतका वेळ लागला की मी मध्येच दुसऱ्यांदा क्लिक केले आणि शेवटी दोन खिडक्या उघडल्या. त्याच्या फोल्डरमध्ये डोकावल्यावर शेकडो लहान लहान फायली दिसल्या. 'हलका' म्हणजे कमी एमबीचा, असे आपण सहज धरून चालतो, पण पेनड्राइव्हवर हिशेब वेगळा असतो. ३२० केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिटच्या, एमपी३ला सेकंदाला फक्त ४० किलोबाइट लागतात. सीडीच्या दर्जाच्या, आकार न आवळलेल्या वेव्ह फाइललाही सेकंदाला सुमारे १७६ किलोबाइट पुरतात, म्हणजे मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. कितीही संथ पेनड्राइव्ह एवढे सहज देतो. त्याची दमछाक होते ती विखुरलेल्या असंख्य बारीक फायली वाचताना, आणि त्याहून जास्त बारीकसारीक नोंदी पुन्हा पुन्हा लिहिताना. म्हणून गाण्यांचा संग्रह तपासून त्याची सूची बांधत बसणारा प्लेअर पेनड्राइव्हवर जड ठरतो, मग त्याचा स्वतःचा आकार कितीही लहान असो.

दुसरा प्लेअर दुसऱ्या टोकाचा होता. एकच चिमुकली फाइल, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उघडणारी. मी चौदा रचनांचे फोल्डर त्यावर ओढले आणि यादीत चौदा ओळी उमटल्या, सगळ्या प्रश्नचिन्हांच्या. फायलींची नावे देवनागरीत होती, प्लेअर मात्र युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व लिप्या ओळखणारी संकेतपद्धती न जाणणाऱ्या बांधणीचा निघाला. सगळी नावे रोमनमध्ये बदलून टाकावीत असा मोह झाला, पण माझ्या हातातला क्रमपत्रिकेचा कागद मराठीत होता आणि अंधाऱ्या खोलीत दोन लिप्यांची सांगड घालताना चूक होणार हे मला स्वतःवरून माहीत होते. तो प्लेअर बाद झाला.

तिसरा एक्सएमप्ले. इयन लक यांचा हा प्लेअर ट्रॅकर प्रकारच्या, म्हणजे संगणकावर नमुने जुळवून रचलेल्या संगीताच्या परंपरेतून आलेला आहे. तो आकाराने लहान, उघडायला झटपट आणि आपल्या फोल्डरपुरता राहणारा आहे. निव्वळ ऐकण्यासाठी पेनड्राइव्हवर काय ठेवावे, असे मला कोणी विचारले तर मी आजही त्याचेच नाव घेईन. त्या दिवशी तो मागे पडला याचे कारण त्याच्यात नव्हते. त्याची बटणे आणि सेटिंग माझ्या हाताखालची नव्हती आणि शिकायला वेळ नव्हता.

राहिला फूबार २०००. पीटर पावलोव्हस्की यांनी २००२ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेला हा प्लेअर दिसायला अगदीच रुक्ष आहे. इन्स्टॉल करतानाच त्याला पोर्टेबल ठेवण्याचा पर्याय मिळतो; घरी मी तेच करून ते फोल्डर पेनड्राइव्हवर आणले होते. चालू गाणे संपले की थांबण्याची सोय त्याच्या मेन्यूत समोरच आहे आणि माझे निम्मे काम तीच सोय करते. संग्रहाची सूची बांधायला मी त्याला सांगितले नाही. आवाजाची पातळी सारखी करणारे रिप्लेगेन मुद्दाम बंद ठेवले, कारण संथ रचना हळू आणि द्रुत रचना मोठी ऐकू यावी हे नृत्य बसवणाऱ्या ताईंनी ठरवलेले होते. त्यात प्लेअरने हात घालू नये. विंडोजचे स्वतःचे आवाजही बंद केले. भर कार्यक्रमात सूचनेची टिंग सभागृहभर घुमलेली मी एकदा ऐकली आहे.

घरी तयार केलेली यादी उघडली तर एकही गाणे वाजेना. माझ्या लॅपटॉपवर हाच पेनड्राइव्ह 'ई' ड्राइव्ह म्हणून दिसे, इथे कार्ड रीडरने मधली अक्षरे अडवल्यामुळे तो 'एच' झाला होता, आणि यादीत प्रत्येक गाण्याचा संपूर्ण पत्ता 'ई'पासून लिहिलेला होता. उपाय जुनाच होता. नोटपॅड उघडून चौदा फायलींची नुसती नावे ओळीने लिहिली, देवनागरी टिकावी म्हणून यूटीएफ-८ ही युनिकोड पद्धत निवडून ती फाइल गाण्यांच्याच फोल्डरमध्ये 'एम३यू८' या गाण्यांच्या यादीच्या विस्ताराने जतन केली. पत्ता नसला की प्लेअर यादीच्या शेजारीच गाणे शोधतो, मग ड्राइव्हचे अक्षर कोणतेही असो.

साडेचार वाजले होते. सगळे सुरळीत दिसत होते आणि अशा वेळी मला शंका येते. संगणकाची पेटी टेबलाखाली होती, पेनड्राइव्ह तिच्या पुढच्या बाजूला, बरोबर माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. धक्का लागून तो निघाला तर? फूबारच्या प्रगत सेटिंगमध्ये संपूर्ण फाइल आधीच रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, घेण्याची सोय आहे. मर्यादा किलोबाइटमध्ये द्यावी लागते. माझी सर्वांत लांब रचना अठरा मिनिटांची वेव्ह फाइल होती, म्हणजे सुमारे १९० एमबी. मर्यादा त्याहून वर नेली, रचना सुरू केली, अर्धा मिनिट थांबलो आणि पेनड्राइव्ह उपटला.

संगीत चालूच राहिले. मी खूश झालो, उठून सभागृहात एक फेरी मारून आलो, ते तरीही चालू होते. मग सहज म्हणून तोवर न उघडलेला एक मेन्यू उघडला आणि प्लेअर पडद्यावरून नाहीसा झाला. स्पीकरमध्ये शांतता.

दोष प्लेअरचा नव्हता. विंडोज कोणताही प्रोग्रॅम सुरू करताना त्याची सगळी फाइल रॅममध्ये भरत नाही. जो भाग लागेल तो त्या क्षणी मूळ जागेवरून आणते. गाणे रॅममध्ये सुरक्षित होते, पण ते वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचा उरलेला भाग माझ्या हातातल्या पेनड्राइव्हवर होता. इतकी वर्षे पेनड्राइव्हवरून थेट प्लेअर चालवताना हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

डेस्कटॉपवर फायली ठेवायला या संगणकाची हरकत नव्हती, हरकत होती ती इन्स्टॉल करायला. प्लेअरचे आणि गाण्यांचे अशी दोन्ही फोल्डर जशीच्या तशी डेस्कटॉपवर उतरवली, तिथून फूबार उघडला, तर सगळी सेटिंग बरोबर आलेली. फोल्डर बाडबिस्तरा घेऊनच फिरत होते, त्यामुळे ते कुठून सुरू होते याला महत्त्व उरले नाही. पेनड्राइव्ह काढून खिशात ठेवला. व्यवस्थापकांना मात्र आधी विचारले, त्यांनी "कार्यक्रम संपल्यावर पुसाल ना?" एवढेच विचारले.

कार्यक्रमाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. सातव्या रचनेनंतर निवेदक जवळपास चार मिनिटे बोलले आणि प्लेअर तेवढा वेळ मुकाट थांबून राहिला. बाराव्या रचनेला ताईंनी विंगेतून हात वर केला आणि मी बटण दाबायला क्षणभर उशीर केला. तो उशीर माझा होता.

रात्री दोन्ही फोल्डर पुसली, रिसायकल बिन रिकामा केला, विंडोजचे आवाज पूर्ववत केले. व्यवस्थापकांनी स्वतः येऊन इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडली आणि खालीवर पाहिली. माझ्या प्लेअरचे नाव तिथे असण्याचा प्रश्नच नव्हता. अमुक पेनड्राइव्ह कधीतरी जोडला होता अशी नोंद विंडोज स्वतःकडे ठेवतेच, ती त्या यादीत दिसत नाही इतकेच. मी त्यांना तेही सांगितले. त्यांनी मान डोलावली, खिशातून आपला पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाले, "ते फोल्डर पुसण्याआधी यात द्यायचे होते." मी माझा पेनड्राइव्ह पुन्हा जोडला.