सेल्फ मारला की नुसतं 'टक्'

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला देवरुखहून पुण्याला निघायचं होतं, डिकीत नारळ, आमसुलं, आजीची फणसपोळी सगळं भरून झालं, आई मागे बसली, मी किल्ली फिरवली आणि टक्. परत फिरवली, परत टक्. इंजिन जरासुद्धा फिरेना.

गाडी पाच दिवस गोठ्याशेजारी उघड्यावर उभी होती आणि पाऊस काही थांबला नव्हता, त्यामुळे अंगणात जमलेल्या सगळ्यांचं एकमत, बॅटरी उतरली. पण बॅटरी जुलैमध्येच नवीन टाकलेली! तेव्हा पण हीच तक्रार होती, कधीकधी पहिल्या दमात सेल्फ घ्यायची नाही, आणि दुकानात मीटरसुद्धा न लावता थेट नवीन बॅटरी बसवून दिली होती. याचा मला अजून राग आहे, कारण मीटर लावायला एक मिनिट लागतं. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबून मोजलं आणि १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवलं की बॅटरी भरलेली आहे, १२ च्या खाली असेल तर उतरलेली.

चुलतभावाची गाडी शेजारी आणून जंप केबल लावली, लाल प्लसला, काळी मायनसला, दोन्हीकडे बॅटरीवरच. त्याची गाडी चालू ठेवली, पाच मिनिटं थांबलो, सेल्फ मारला. टक्. आता मात्र सगळे गप्प झाले.

शेजारच्या घरातला मुलगा साखरप्याला गॅरेजमध्ये काम करतो, सुट्टीला आलेला, तो इतका वेळ लांब उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "दादा, हेडलाइट लावा आणि मग मारा सेल्फ." मारला. "लाइट डीम झाली नाही बघा. म्हणजे सेल्फपर्यंत करंटच जात नाहीये." बॅटरी कमजोर असेल तर सेल्फ मारताना लाइट मंद होते, बऱ्याचदा नुसती टकटकटक अशी लागोपाठ आवाजाची माळच लागते. आमच्याकडे एकच टक् आणि लाइट लख्ख.

मग त्याने बोनेटखाली वाकून क्लचच्या केबलला हात लावला आणि मला म्हणाला, तुम्ही पण लावा. कोमट नाही, चांगली गरम! गाडी सुरूच झाली नाहीये आणि क्लचची केबल गरम कशी? त्याने सांगितलेलं मला आयुष्यभर लक्षात राहील. बॅटरीची काळी वायर आमच्या गाडीत बॉडीला जोडलेली आहे आणि इंजिन बसवलंय रबरी माउंटिंगवर, त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते, अर्थिंगची. सेल्फ म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, ती इंजिनलाच बसवलेली, म्हणून तिचा करंट परत बॅटरीकडे जातो तो या पट्टीतून. ती गेली की करंट मिळेल त्या वाटेने जायला बघतो, आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत धातूची वाट म्हणजे क्लचची बारीक केबल. छोट्या गाडीच्या सेल्फला पण शंभरच्या वर अँपियर लागतात, त्या केबलला ते कुठून झेपणार. हेडलाइटचा करंट बॉडीतूनच परत जातो, इंजिनकडे वळतच नाही, म्हणून लाइट लख्ख.

मग त्याने भावाच्या गाडीकडून आलेली काळी चिमटी आमच्या बॅटरीवरून काढली आणि इंजिनच्या उघड्या लोखंडी हुकाला लावली, बास एवढंच, आणि म्हणाला मारा. पहिल्या फटक्यात चालू! आईने मागून हात जोडले.

खरं तर जंप करताना शेवटची काळी चिमटी बॅटरीपासून लांब इंजिनलाच लावायची असते, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि चिमटी टेकवताना ठिणगी उडते. आम्ही ते नीट केलं असतं तर गाडी तेव्हाच सुरू झाली असती, पण मग पट्टीचा दोष कदाचित कळलाही नसता.

गाडी बंद करून आधी बॅटरीची मायनस वायर काढली, मग खाली गिअरबॉक्सपाशी ती पट्टी सापडली. वरून अख्खी दिसत होती, पण बोल्टखाली हिरवा-पांढरा चुरा आणि बोटाने ओढली तर अर्ध्या तारा हातात आल्या. त्याच्याकडच्या जुन्या बॅटरी केबलचा तुकडा तात्पुरता लावला, दोन्हीकडची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, वरून ग्रीस. पैसे घेईना, शेवटी आजीने त्याच्या हातात फणसपोळीचा डबा दिला. अकराला निघालो आणि आंबा घाट दिवसाउजेडी चढलो.

पुण्यात आल्यावर नवीन पट्टी टाकली. परवा मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनला धरून भावाला सेल्फ मारायला सांगितला. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंगमध्ये गडबड समजायची. ०.१ दाखवला.